जुन्या नोंदी खाली घे

मी नागपूरची आणि आमचे हे पुण्याचे, एवढं सांगितलं तरी अर्धी गोष्ट कळते. लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी चहा ठेवून राहिली." त्यावर हे अनंत मोघे, कारखान्यातले इंजिनिअर, वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "ठेवून राहिली नाही, ठेवतेय." नवी नवरी मी. वाटलं, बाप्पा, किती मायेनं शिकवतात! पुढे तीस वर्षं शिकवतच राहिले.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की बाई नवऱ्याच्या मागे हात धुऊन लागलीय. वसाहतीत कुणाचं दुखलंखुपलं, तर आमची स्कूटर सगळ्यांत आधी बाहेर निघायची. कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा इतर साहेबलोक त्याला हात लावायला घाबरायचे. हे मात्र चाळिशीत पोरांच्या शेजारी बसून शिकले आणि पुढे त्या सगळ्या विभागाचे प्रमुख झाले. पण भाषेचं सोवळं म्हणाल, तर विचारू नका. भोपाळसारख्या गावात, जिथे भाजीवाला, दूधवाला, डॉक्टर, शेजारी सगळे हिंदी, तिथे आपलं मराठी जपलं पाहिजे म्हणून मराठी मंडळात यांनी शुद्ध बोलण्याची मोहीम काढली. गणपतीत वक्तृत्व स्पर्धा घ्यायचे, आणि 'बरोबर'च्या जागी 'सही' म्हणणाऱ्या पोरांचे गुण कापायचे. पोरं बिचारी जन्मली इथे, वाढली इथे. त्यांच्या आया माझ्याकडे कुरकुर करत यायच्या. मी म्हणायची, बायांनो, माझेच गुण रोज कापले जातात, तुमचं काय घेऊन बसलात!

यांच्या विभागात यांच्याखेरीज मराठी माणूस एकच, कांचन ठोंबरे. आमच्या मागच्याच रांगेत राहणाऱ्या सुमनची मुलगी. ठोंबरे मूळचे पुलगावचे. मुलगी हुशार, स्वतःच्या हिमतीवर परीक्षा देऊन कारखान्यात लागलेली, पण अजून कायम झालेली नव्हती. तिचं मराठी म्हणजे आईचं वऱ्हाडी आणि शाळेचं हिंदी, दोन्हींची खिचडी. यांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं की इतरांशी काय हवं ते बोल, माझ्याशी शुद्ध मराठी. फाइलला धारिका म्हणायचं, डिस्कला चकती म्हणायचं. पोट्टी मान डोलवायची आणि घरी जाऊन आईला म्हणायची, सर चांगले आहेत, पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षाच.

आता तो डबा. यांच्या खोलीत एक चपटं लोखंडी यंत्र बसवलेलं होतं. कारखान्यातला कुठलाही कॉम्प्युटर बाहेरच्या जगाशी बोलायचा तो या यंत्रातून, म्हणून हे त्याला पहारेकरी म्हणत. कुठल्या मशिनवरून काय बाहेर गेलं, कधी गेलं, कुठे गेलं, सगळं तो लिहून ठेवायचा. पण पोट लहान. एक फाइल भरली की ती बंद करून नवी उघडायचा, जुन्या फाइली एकेक घर मागे सरकायच्या आणि सर्वांत शेवटची गळून पडायची. मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे आपल्या गॅलरीतली दोरीच की. ओला कपडा घालायचा तर टोकाचा काढावा लागतो. अगदी तसंच, म्हणाले, फक्त टोकाचा कपडा वेळेवर घडी करून ठेवला नाही तर तो कायमचा जातो. ती घडी आपोआप व्हावी म्हणून वेगळं मशिन लागतं म्हणे. ते वरच्यांकडे मागून मागून हे थकले होते. तोवर यांनीच दर आठवड्याला बसून जुन्या नोंदी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, असं चाललं होतं. त्याला सगळं जग डाउनलोड म्हणतं. आमच्याकडे तो शब्द बाटगा. आमच्याकडे त्याला 'खाली घेणे' म्हणायचं.

हे खाली घेणंच अंगाशी आलं.

झालं असं की कारखान्याच्या एका मोठ्या टेंडरचे आतले आकडे बाहेर फुटले. कुणीतरी ते कारखान्यातूनच बाहेर पाठवले होते, आणि संशय आला खरेदी विभागातल्या गोविंद वैरागडेवर, कारण त्या आकड्यांची फाइल त्याच्या नावानं उघडली गेली होती. गोविंद अशोका गार्डनला राहायचा, रेल्वे लाइनच्या बाजूला. साधा क्लार्क. मंडळाच्या गणपतीला मंडप बांधायला, सतरंज्या उचलायला कायम पुढे. त्याचं म्हणणं एकच होतं, की माझा पासवर्ड आमच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण फाइल माझ्या मशिनवरून गेलेली नाही. कुठल्या मशिनवरून गेली ते कुणीतरी बघा. हे बघता येणारी जागा जगात एकच होती, ती म्हणजे यांचा पहारेकरी. गोविंद आमच्या घरी आला, चहाला हात लावला नाही, आणि यांना म्हणाला, साहेब, तेवढ्या दिवसांच्या नोंदी जपा, माझी नोकरी त्यात आहे. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की काळजी करू नकोस, चौकशी समिती मागेल तेव्हा मी स्वतः देईन.

आणि खरंच द्यायचं मनात होतं हो. पण गणपती तोंडावर आलेले. हे सुट्टी काढून घरी स्पर्धेचे विषय ठरवत बसलेले, त्या आठवड्याच्या नोंदी उतरवायच्या राहिलेल्या. दुपारी यांना एकदम आठवलं की त्या नोंदी दोरीच्या टोकाला आल्या असतील, आज नाही तर उद्या गळतील. लगेच विभागात फोन लावला. फोन कांचननं घेतला. मी शेजारीच वाती वळत बसले होते, आणि आमच्या त्या जुन्या फोनमधून पलीकडचा आवाज अख्ख्या खोलीत यायचा.

हे म्हणाले, "कांचन, चकती भरत आलीय. जुन्या नोंदी आजच्या आज खाली घेऊन टाक."

ती म्हणाली, "मतलब सर, पूर्ण खाली करून टाकू का?"

"मतलब नाही. म्हणजे."

"म्हणजे सर, पूर्ण खाली करून टाकू?"

"हो, हो, सगळ्या. एकही सोडू नकोस."

झालं. फोन ठेवला आणि 'माझा आवडता सण' हा विषय फार घासलेला आहे का, असं मला विचारू लागले.

आता तुम्ही भोपाळला राहिला असाल तर तुम्हाला सांगायला नको. पुण्यात खाली म्हणजे वरून खाली. इथे खाली म्हणजे रिकामं. रिक्षा खाली, डबा खाली, घर खाली. त्यात त्याच उन्हाळ्यात एकदा जुन्या फाइली गळायच्या अडकल्या आणि त्या यंत्राचं पोट इतकं भरलं की कारखान्याचं इंटरनेटच बंद पडलं, आणि तेव्हा वरून हुकूम आल्यावर कांचननंच सगळ्या नोंदी पुसून जागा केली होती. चौकशीचं प्रकरण गुप्त म्हणून यांनी तिला त्यातलं अक्षर सांगितलेलं नव्हतं. मग साहेब म्हणतात चकती भरलीय, खाली घेऊन टाक, एकही सोडू नकोस, तर त्या पोरीनं दुसरं काय समजावं? तिनं पुसून टाकलं. पुसण्याआधी यंत्रसुद्धा विचारतं म्हणे, खरंच पुसायचं ना? तिनं हो म्हटलं. तिनं बिचारीनं आधीच दोनदा विचारून घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात समितीनं नोंदी मागितल्या. यांनी कांचनला म्हटलं, त्या खाली घेतलेल्या धारिका आण. ती म्हणाली, सर, तुम्हीच तर खाली करायला सांगितल्या. त्या दिवशी हे घरी आले ते बूट न काढता पलंगावर बसले. सगळं मला सांगितलं. मी म्हटलं, चूक झाली, माणसाच्या हातून होते, जा आणि सांगा समितीला. मान हलवली यांनी. मला वाटलं, सांगतील.

समितीत तीन मोठे साहेब, तिघेही हिंदी बोलणारे. त्यांनी आधी कांचनला विचारलं. तिनं सरळ सांगितलं, "सर ने कहा था, खाली कर दो." मग यांच्याकडे वळले. आणि आमच्या यांनी, ज्यांनी आजवर तो शब्द घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, त्यांनी पहिल्यांदा तो तोंडातून काढला. म्हणाले, "मैंने डाउनलोड करने को कहा था."

रात्री जेवताना त्यांनीच मला हे सांगितलं. वर म्हणाले, अर्थ तोच आहे, मी फक्त त्यांना कळेल असं भाषांतर केलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. इतकी वर्षं या माणसाची चीड आली, हसू आलं, कधी कधी रडूही आलं. पण याची लाज वाटावी, असं कधी झालं नव्हतं.

त्या एका भाषांतरानं काय केलं ते ऐका. समितीनं हिशेब मांडला. साहेबांनी डाउनलोड सांगितलं, पोरीनं पुसलं. का पुसलं? मुलीचे वडील पुलगावचे, गोविंद वैरागडेही पुलगावचा. म्हणजे दोघांचं संगनमत, गोविंदला वाचवायला हिनं पुरावा नाहीसा केला. ज्या नोंदींनी गोविंद सुटायचा, त्या नसण्यानंच तो आता पक्का चोर ठरला, आणि सोबत ही पोरगीही. गोविंदला निलंबित केलं, कांचनची नोकरी कायम करायचा कागद थांबवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर दोन संन्यासी.

सुमन माझ्याकडे आली. गणपतीचे दिवस, घरात माणसांची ये-जा, म्हणून आम्ही मागच्या अंगणात उभ्या राहिलो. ती भांडायला आलेली नव्हती. एवढंच म्हणाली की पोरगी जेवत नाहीये, आणि सारखी विचारते, आई, मी दोनदा विचारलं होतं ना गं? "वहिनी, मी कुठे होते तिथे? मी तिला काय सांगू?" मी तिथे होते. वाती वळत होते. मला तिच्याकडे बघवेना.

ती गेल्यावर मी आत आले. हे आरतीचं तबक मांडत होते. मी विचारलं, "त्या दिवशी फोनवर तिनं तुम्हाला काय विचारलं होतं?"

"मतलब म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे."

"तो शब्द झाला. प्रश्न काय होता?"

शब्दकोश काढून मला खाली घेणे या प्रयोगाचा अर्थ दाखवतील, असंही मला वाटून गेलं, कारण यांचा काही नेम नाही. पण नाही. हे तबक घेऊन तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "मला आठवत नाही, शशी. मी ऐकलाच नाही." मग मी सांगितला. शब्दन् शब्द सांगितला, तिच्याच आवाजात. यांनी तबक खाली ठेवलं.

तुम्हाला वाटेल, लगेच उठून समितीकडे गेले असतील. नाही गेले. पुढच्या वर्षी निवृत्ती होती, निरोप समारंभ, मंडळाचं अध्यक्षपद. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची चूक चारचौघांत सांगायची म्हणजे कातडी सोलून दाखवण्यासारखं. गणपती बसले, गणपती उठले. यांनी स्पर्धा घेतली, पण कुणाचे गुण कापले नाहीत. मी यांच्याशी बोलणं सोडलं असं नाही, मी फक्त मराठी सोडलं. "खाना लग गया है, आ जाओ." शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलतात तसं. दोन-तीन दिवस यांनी सहन केलं. मग मी स्पष्टच सांगितलं की उद्या तुम्ही गेला नाहीत तर मी जाते, आणि माझ्या नागपुरी हिंदीत सांगते काय काय ऐकलं ते.

दुसऱ्या दिवशी गेले. मला म्हणाले, सगळं सांगितलं. मी डाउनलोड म्हणालो नव्हतो, 'खाली घे' म्हणालो होतो. मुलीनं विचारलं होतं, मी तिचं व्याकरण सुधारलं, प्रश्न ऐकला नाही आणि हो म्हणालो. चूक माझी आहे, खोटं बोललो तेही मीच.

मी विचारलं, मग ते काय म्हणाले?

"हसले," म्हणाले हे.

तिघेही मोठमोठ्यानं हसले म्हणे. पुण्याचे साहेब खाली म्हणाले आणि भोपाळची मुलगी खाली समजली, याच्याइतका मजेदार किस्सा त्यांनी कधी ऐकला नव्हता. दोन दिवसांत तो कँटीनमध्ये पोचला, आठवड्यात सगळ्या वसाहतीत. मोघे साहब, ज़रा खाली आइए. मोघे साहब, चाय का कप खाली है, डाउनलोड कर लीजिए. हे मान खाली घालून ऐकायचे आणि पुढे जायचे. एकदाही उलट बोलले नाहीत. मी शेजारी असले तर मला संताप यायचा, पण बोलणार कुठल्या तोंडानं?

कांचनवरचा ठपका गेला. उशिरा का होईना, तिची नोकरी कायम झाली. यांना समोर पाहिलं की अजून उठून उभी राहते. "नमस्ते सर. जी सर. हो जाएगा, सर." मराठीत एक अक्षर नाही. हे एकदा मला म्हणाले की तिच्याशी बोलताना मी आता एकही चूक काढत नाही. मी म्हटलं, ती चूक काढायला जागाच ठेवत नाही.

राहिला गोविंद. संगनमताचा आरोप गेला, पण फाइल कुठल्या मशिनवरून गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही, कळणार कुठून? दोषी ठरवता येत नाही आणि निर्दोषही म्हणता येत नाही, असं काहीसं लिहून त्याला कामावर परत घेतलं. तो खरेदी विभागात आला की लोक फायली झाकून ठेवायचे. वर्षभर त्यानं ते सोसलं आणि मग स्वतःहून नोकरी सोडून घराच्याच पुढच्या खोलीत पंखे-मिक्सर दुरुस्त करायचं दुकान टाकलं.

निवृत्तीनंतर एका सकाळी हे म्हणाले, चल. कुठे ते मी विचारलं नाही. अशोका गार्डनला गोविंदच्या दुकानापुढे स्कूटर थांबवली. त्यानं लगबगीनं दोन स्टुलं पुसून दिली, आतून चहा मागवला. यांनी मध्ये कुठेही न थांबता माफी मागितली. शेजारच्या रुळांवरून रेल्वे जात होती तेवढा वेळच काय ते थांबले, मग पुढचं वाक्य. गोविंद मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला की साहेब, तुम्ही समितीपुढे जाऊन बोललात, एवढं कोण करतं.

मग जरा घुटमळला आणि म्हणाला, "एक विचारू? पुसायच्या आधी तुम्ही त्या नोंदी एकदा तरी उघडून बघितल्या होत्या ना?"

यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. एक 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण खोट्याची किंमत या माणसाला आता कळली होती.

"नाही, गोविंद."

"म्हणजे तो मी नव्हतो, हे तुम्हालाही ठाऊक नाही."

"नाही."

"मला ठाऊक आहे, गोविंदभाऊ," मी म्हणाले. मला राहवलंच नाही.

तो माझ्याकडे बघून हसला, अगदी साधं, सतरंज्या उचलताना हसायचा तसं. "वहिनी, तुम्हाला कसं ठाऊक असणार?" मग यांच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, कारण आत त्याची मुलगी होती, "शाळेत तिला पोरं चिडवायची, तेव्हापासून मी तिला सांगत आलोय, जगानं काही म्हणू दे, मोघे साहेबांना खरं ठाऊक आहे. आता तिला काय सांगू, साहेब?"